नियम क्रमांक एक : वर जावे

रॉकेटच्या उंचीच्या स्पर्धेला खरं तर एकच नियम पुरतो. ज्याचं रॉकेट सर्वांत वर जाईल, तो जिंकला. हे शेंबड्या पोरालाही कळतं. अडचण अशी, की हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबात शेंबडी पोरं थोडी आणि इंजिनिअर फार. इंजिनिअरला सोपं वाक्य दिसलं की त्याचा हात आपोआप वर जातो. ‘सर्वांत’ म्हणजे कुणाकुणांत? ‘वर’ म्हणजे कुठून मोजायचं? ‘जाईल’ म्हणजे नुसतं जाईल, की परतही येईल? आणि ‘रॉकेट’ कशाला म्हणायचं हे आधी ठरलंय का?

आमचा क्लब कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पूर्वेला, डोंगरांकडे पाठ करून दूरवर पसरलेल्या सपाट माळावर उड्डाणं करतो. आमचं रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं नाक, पोटात घडी घातलेलं पॅराशूट आणि बुडाशी बोटाएवढी मोटर. मोटरीत काळी दारू दाबून भरलेली असते. ती दोन सेकंदांच्या आत जळून संपते. त्यानंतर रॉकेट नुसत्या मिळालेल्या वेगावर वर जात राहतं आणि आठेक सेकंदांत वर जायचं सगळं आटोपतं. या आठ सेकंदांचे नियम ठरवायला आम्ही अख्खा हिवाळा बसलो.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. इथे येण्यापूर्वी मी पुण्यात एका गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी होतो, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. पार्किंगच्या वादातून जिवंत सुटलेल्या माणसाला अवकाशाचं काय भय, असा त्यांचा हिशेब असावा.

समितीत माणसं मोजकीच, पण नेमकी होती. एक निवृत्त भूमापक आजोबा. एक दातांचे डॉक्टर. मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई. क्लबाचे अध्यक्ष, ज्यांना सभा लवकर संपवून जेवायला जायचं असे. आणि एक पेटंटचे वकील. पहिल्या चौघांनी नियम सुचवले आणि पाचव्याने ते वाचले. सगळा हिवाळा गेला तो या वाचण्यात.

हे सगळं हास्यास्पद वाटेल, पण हा छंद जन्मलाच मुळी नियमांच्या पोटी. १९५०च्या दशकात अमेरिकेतली पोरं घरातल्या नळ्यांत हाताला लागेल ती दारू ठासून रॉकेटं करायची, आणि रॉकेटाबरोबर त्यांची बोटंही उडायची. व्हाइट सॅण्ड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन या इंजिनिअरने फेब्रुवारी १९५७मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात रॉकेटं आणि सुरक्षितता या विषयावर लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी त्याला पत्र धाडलं आणि आपली कागदी रॉकेटं पाठवून दिली. हे कार्लाइल चपला-बुटांचे दुकानदार. भावाच्या व्याख्यानांत उड्डाणाचं तत्त्व दाखवायला उपयोगी पडावं म्हणून त्यांनी १९५४मध्ये पॅराशूटने खाली येणारं आणि नवी मोटर घालून पुन्हा उडवता येणारं रॉकेट केलं होतं. त्या वर्षी, म्हणजे १९५७मध्येच, राष्ट्रीय संघटना निघाली. क्षेपणास्त्रवाला आणि चपलावाला एकत्र आले, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर सुरक्षेची नियमावली.

मग मोटरी पुरवायच्या कुणी? तर व्हर्न एस्टेस यांनी. त्यांच्या घरचा धंदा शोभेच्या दारूचा. त्यांनी डेन्व्हरमध्ये मोटरी करणारं यंत्र बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं मेबेल. मेबेल दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर टाकायची. मी हिशेब केला आहे. आमच्या तासाभराच्या सभेत मेबेलने साडेसहाशे मोटरी केल्या असत्या. आमच्याकडून एक उपकलम झालं.

ते उपकलम मोटरीचंच होतं. मोटरींना अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षराला आधीच्याच्या दुप्पट ताकदीची मुभा असते. ‘ए’ अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ पाचपर्यंत, ‘सी’ दहापर्यंत, ‘डी’ वीसपर्यंत. आम्ही लिहिलं, ‘स्पर्धकाने सी वर्गाची मोटर वापरावी.’ वकिलांनी चष्मा पुसला. ‘किती?’ असं विचारलं. आम्ही ‘एकच’ हा शब्द घातला. ‘एका वेळी एकच? म्हणजे पहिली विझल्यावर दुसरी चालेल?’ आम्ही ‘संपूर्ण उड्डाणात मिळून एकच’ असं केलं. त्यावर ते म्हणाले, ‘पाचाच्या जरा पुढे गेलं की सी, आणि दहाला टेकलं तरी सीच. बाजारातल्या नेहमीच्या सी-सहा मोटरीत जेमतेम ८.८ भरतात. मी काठोकाठ भरलेली दुसरी आणली तर?’ तेव्हा मोटर क्लबाच्या खोक्यातूनच घ्यायची असं ठरलं. खोक्यातली कोणती, हे चिठ्ठी टाकून. चिठ्ठी कुणी काढायची, हे पुढल्या सभेत.

बागेतल्या बाकावर जसं ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं, तसं प्रत्येक नियमाखाली खरं तर कुणाचं तरी नाव हवं. ‘एकच’ हा शब्द दोन मोटरी लावणाऱ्याच्या स्मरणार्थ. ‘मिळून’ हा शब्द एकावर एक रचणाऱ्याच्या स्मरणार्थ. नियमावली वाचताना ती कंटाळवाणी वाटते, कारण त्या हुशार माणसांची नावं खोडलेली असतात. उरतात ती फक्त त्यांच्यामागे लावलेली कुलपं.

वजनाचा नियम मात्र आम्हाला करावा लागला नाही. दातांचे डॉक्टर म्हणजे हलकेपणाचे वारकरी. दाढा कोरायच्या बारक्या ड्रिलने त्यांनी पंख इतके तासले, की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. त्यांचं रॉकेट मोटर जळेपर्यंत सर्वांच्या पुढे होतं. मोटर विझली आणि ते हवेने धरून ठेवल्यासारखं मंदावलं. रॉकेट हलकं असलं की वेग लवकर मिळतो, पण तो टिकत नाही. हवेचा विरोध तो लगेच गिळून टाकतो. आणि उंचीचा मोठा वाटा तर मोटर विझल्यानंतरच्या मोफत प्रवासातच मिळतो. म्हणजे रॉकेट फार जड नको, फार हलकंही नको. पुढच्या खेपेला डॉक्टर नाकात चिकणमाती भरताना दिसले. निसर्गाने हा नियम आधीच करून ठेवला होता, आणि त्यासाठी सभा बोलावली नव्हती.

आकाराचं प्रकरण नाजूक होतं. वकील एके दिवशी खिशातून पेनाएवढी वस्तू काढून म्हणाले, ‘हे माझं रॉकेट.’ ते रॉकेट नव्हतं. ती अठरा मिलिमीटर जाडीची नेहमीची मोटरच होती. तिला कागदाचा एक पदर, टोकाला नाक आणि बाजूला तीन पंख एवढंच चिकटवलं होतं. ‘कमी करता येण्याजोगं सगळं मी कमी केलंय,’ ते म्हणाले. पळवाट जुनी आहे आणि तिला जगभर कुलूप लागलेलं आहे. आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमांत मोठ्यांच्या गटासाठी रॉकेट निदान पाचशे मिलिमीटर लांब हवं आणि त्याच्या निम्म्या लांबीला तरी चाळीस मिलिमीटर जाडी हवी. म्हणजे जगातले सर्वांत उंच जाऊ पाहणारे लोक मुद्दाम जाडजूड रॉकेटं करून ती वर पाठवतात. का, तर दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर मोजणार काय?

आणि ‘मोजणार कसं’ इथे आल्यावर भूमापक आजोबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांची पद्धत जुनी आणि शास्त्रशुद्ध. माळावर तीनशे मीटर अंतराने दोन थिओडोलाइट ठेवायचे. दोन्हीकडून एकेक माणूस रॉकेटाचा पाठलाग डोळ्याने करणार. वर पोचल्यावर रॉकेटातून लाल भुकटीचा ढग निघणार. त्या ढगावर दुर्बीण रोखून आडवा आणि उभा असे दोन कोन वाचायचे आणि त्रिकोणमितीने उंची काढायची. दोन्ही ठिकाणांच्या कोनांवरून उंची दोनदा निघते. सरासरीपासून त्या दहा टक्क्यांहून जास्त ढळल्या, तर मोजणी बाद. दोन माणसांपैकी एकाने भलत्याच ठिकाणी पाहिलं, असं समजायचं.

या पद्धतीत एक काव्यात्म अन्याय आहे. रॉकेट जितकं उंच, तितकं ते बारीक दिसणार आणि तितकी त्याची मोजणी बाद व्हायची शक्यता जास्त. सर्वांत वर गेलेल्या रॉकेटाच्या नावापुढे कोष्टकात एक आडवी रेघ असते आणि बक्षीस मिळतं ते सर्वांना नीट दिसेल इतक्याच बेताने वर गेलेल्याला. मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता बोटाएवढे उंचीमापक आलेत. पॅराशूटच्या वर, नाकाखालच्या कप्प्यात ठेवायचा. खाली आला की आकडा दाखवतो. भांडण मिटलं, असं अध्यक्षांना वाटलं आणि त्यांनी जेवणाचं नाव काढलं. पण हे यंत्र उंची मोजत नाही. ते मोजतं हवेचा दाब. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. त्यावरून यंत्र उंचीचा अंदाज बांधतं. त्यासाठी नळीला बारीक भोकं पाडून आतली हवा बाहेरच्या हवेशी बोलती ठेवावी लागते. भोकं चुकीच्या जागी पडली की आकडा चुकतो. पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडाला की दाब उसळतो आणि आकडा बिथरतो.

वकिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरचं यंत्र उचलून एका नळीत ठेवलं, नळीच्या तोंडाला तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. खुर्चीत बसल्या बसल्या ते तीनशे मीटरच्या पुढे गेले. सभेत शांतता पसरली. एवढ्या उंचीवर आमच्यापैकी कुणाचंच रॉकेट त्या वर्षी पोचलं नव्हतं.

म्हणून आता उंचीमापक पंचाने तपासायचा, पंचाने शून्यावर आणायचा, पंचासमोर कप्प्यात घालायचा, आणि त्यानंतर स्पर्धकाने रॉकेटाला तोंड लावायचं नाही. हा शेवटचा भाग इतिवृत्तात कसा लिहावा हे मला सुचेना. ‘रॉकेटाशी सभ्य अंतर राखावे’ असं मी लिहिलं.

उंचीमापकाने आणखी एक पेच आणला. आकडा रॉकेटाच्या पोटात असतो. म्हणजे उंची कितीही गाठा, रॉकेट सापडलं नाही तर तुम्ही उडालाच नाहीत. उंच गेलेलं रॉकेट वाऱ्याबरोबर लांब जातं. मोठं पॅराशूट लावलं तर ते शेजारच्या तालुक्यात उतरतं. छोटी फीत लावली तर जवळ पडतं, पण आपटतं. म्हणून आमच्या स्पर्धेत पहिली आठ सेकंदं भौतिकशास्त्राची आणि पुढचे दोन तास पायपिटीचे असतात. गेल्या खेपेस एक उमदं रॉकेट गाईंच्या कळपात उतरलं. गाय आणि उंचीमापक यांच्यातलं अंतर किती असलं म्हणजे ‘रॉकेट परत मिळाले’ समजावे, यावर दोन मतं आहेत. विजेच्या तारांवर किंवा उंच झाडावर अडकलेलं काढायला जायचं नाही, हे मात्र राष्ट्रीय सुरक्षा संहितेतच लिहिलंय. तो नियम कुणाच्या स्मरणार्थ असेल, याचा विचार आम्ही करत नाही.

सुरक्षेच्या संहितेवर कुणी वाद घालत नाही, हे या लोकांचं मोठेपण. मोटर विजेच्या तारेनेच पेटवायची. डी वर्गापर्यंत पंधरा फुटांवर उभं राहायचं. मोठ्याने उलटे आकडे म्हणायचे. पेटलं नाही तर चावी काढून एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही. दांडा सरळ उभ्यापासून तीस अंशांपेक्षा जास्त कलवायचा नाही. वारा ताशी वीस मैलांच्या वर असेल तर उडवायचंच नाही. आई सांगलीहून आली होती, तिला मी मुद्दाम माळावर नेलं. ती सगळं बघून म्हणाली, ‘अरे, बाटली नाही आणली का कुणी?’ मी म्हटलं, ‘आई, हे दिवाळीचं रॉकेट नाही, याला नियम असतात.’ ‘त्यालाही होता की. देशपांड्यांच्या गच्चीकडे तोंड करायचं नाही. पाळलास कधी?’

विज्ञानाच्या बाईंनी अखेर वैतागून वेगळाच प्रस्ताव मांडला. उंच जायचंच कशाला? अमेरिकेत शाळकरी मुलांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा २००३पासून चालते. तिथे सर्वांत उंच जाणारा जिंकत नाही. उंची आधीच जाहीर होते. पहिल्या वर्षी ती पंधराशे फूट होती. रॉकेटात कोंबडीचं कच्चं अंडं ठेवायचं आणि ते न फुटता परत आणायचं. ठरलेल्या उंचीपेक्षा जितके फूट कमी किंवा जास्त, तितके गुण चढतात. हवेत राहायची वेळही ठरलेली असते; ती चुकली तर प्रत्येक सेकंदाला चार गुण दंड. अंडं तडकलं तर सगळंच बाद. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला. शून्य मिळालं तर परिपूर्ण.

हे घरी सांगितलं तेव्हा आईचा जीव वरखाली झाला. ‘शून्याला पहिला नंबर? आणि जास्त वर गेलं तरी मार्क कापायचे?’ मराठी आईच्या जगात जास्तीला शिक्षा ही कल्पनाच बसत नाही. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव पडले तर दोन कुठे गेले विचारायचं, हे ठीक. पण शंभरात एकशे दोन पडले म्हणून कुणी रागावेल? मी समजावून सांगितलं, की उंच जाणं सोपं असतं. जिथे सांगितलं तिथेच थांबणं अवघड. त्या दिवशीची हवा किती गरम, वारा कुठला, अंड्याचं वजन किती, हे सगळं हिशेबात धरून मुलं रॉकेटात चार-दोन ग्रॅम घालतात, काढतात. आई म्हणाली, ‘ही मुलं पुढे संसार चांगले करतील.’

प्रस्ताव आमच्या समितीत पडला. बाईंच्या बाजूला एकच मत पडलं, ते अध्यक्षांचं, कारण अंड्याचा उल्लेख त्यांना जेवणाच्या दिशेने जाणारा वाटला. बाकीच्यांना वरच जायचं होतं. चाळिशी-साठीच्या माणसाला कुठे थांबायचं ते घरी रोज सांगितलं जातंच. सुट्टीच्या दिवशी माळावर येऊन तेच ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

वसंत ऋतू आला तेव्हा नियमावली पुरी झाली. नियम क्रमांक एक तसाच राहिला : वर जावे. त्याखाली पळवाटा बुजवून बुजवून कागदांची चळत झाली होती. वकिलांनी ती घरी नेली आणि आठवड्याने परत आणली. कुठेही फट नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा चेहरा इतका पडलेला होता, की बाईंनी त्यांना पाणी दिलं. ‘यंदा मी भाग घेणार नाही,’ ते म्हणाले. ‘घेऊन करायचं काय? सगळ्यांची मोटर तीच, नळी तीच, यंत्र तेच. यात मी कुठे आलो?’

तेव्हा आमच्या सगळ्यांच्याच ध्यानात आलं, की डॉक्टरही गप्प आहेत आणि भूमापक आजोबांनी थिओडोलाइट गुंडाळून ठेवलाय. न्याय्य स्पर्धा तयार झाली होती आणि तीत उतरावं असं कुणालाच वाटत नव्हतं. ज्यांच्या लबाडीवर कुलपं लावण्यात आम्ही हिवाळा घालवला, त्यांनीच तर दरवर्षी ही रॉकेटं वर नेली होती.

मग नियम क्रमांक तेवीस आला. ‘रॉकेटाचा पृष्ठभाग स्पर्धकाच्या आवडीप्रमाणे असावा.’ एवढंच. आवड म्हणजे काय, त्यावर मर्यादा काय, रंगाचे थर किती, मेण चालेल की नाही, कशाचाही उल्लेख नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हवेचा विरोध घटतो आणि उंची वाढते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हिवाळाभर एकेका शब्दासाठी भांडलेल्या समितीत कुणीही हात वर केला नाही. आता वीस घरांतली माणसं रात्री उशिरापर्यंत पॉलिश पेपर घेऊन पुठ्ठ्याची नळी घासत बसतात आणि कुणी विचारलं तर रंगाची आवड आहे म्हणतात.

इतिवृत्तात मी लिहिलं : नियम क्रमांक तेवीस एकमताने मंजूर. सूचक कोण, हे सांगायला नकोच. अनुमोदन दातांच्या डॉक्टरांचं. ते देताना त्यांच्या खिशातून दात चमकवायच्या पेस्टची नळी डोकावत होती, आणि वकिलांनी तिच्याकडे बघून लगेच वहीत काहीतरी टिपून घेतलं.